नाणी तोलणारा गणिती

लक्ष्मीपूजनाच्या ताटात पुष्कळ घरांतून अजूनही एखादा जुना रुपया निघतो. कुणाकडे राणीछाप, कुणाकडे पंचम जॉर्जचा. वर्षभर कपाटाच्या तळाशी पडून असलेले हे नाणे त्या दिवशी चिंचेने घासूनपुसून लख्ख होते आणि हळदीकुंकवाची दोन बोटे कपाळी लावून घेते. नीट पाहिले तर राणीचे नाक झिजलेले दिसते, कडेचे दाते बोथटलेले असतात. ही झीज कुणी केली? कुणा एकाने नव्हे. वाणी, सावकार, शेतकरी, तिकिटे विकणारा कारकून अशा हजारो हातांतून ते फिरले, आणि प्रत्येक हाताने चांदीचा इतका सूक्ष्म अंश उचलला की घेणाऱ्याला कळले नाही आणि देणाऱ्यालाही कळले नाही.

पूजेच्या गडबडीत असला विचार कुणाच्या मनात येण्याचे कारण नाही. पण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाच्या मनात तो १९४० च्या सुमारास आला, आणि मग त्यांना तो स्वस्थ बसू देईना. त्या एका विचाराच्या मागे लागून ते प्रथम तराजूपाशी, मग संस्कृत पोथ्यांपाशी, मग मावळातल्या डोंगरांपाशी आणि शेवटी प्राचीन भारताच्या इतिहासापाशी जाऊन पोहोचले. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून परिचित आहे. मूळचे ते गणिती, आणि पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून अखेरपर्यंत गणितीच राहिले, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते.

शिकण्याची ही खोड घराण्यातलीच म्हणायची. वडील धर्मानंद कोसंबी यांनी १८९९ मध्ये, संसार मांडल्यानंतर, केवळ विद्येच्या ओढीने गोवा सोडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी त्यांची पायपीट ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मचरित्रात ज्यांनी वाचली आहे, त्यांना ती पुन्हा सांगायला नको. खिशात दमडी नसताना संस्कृतासाठी अन्नछत्रात जेवणारा हा माणूस पुढे पालीचा पंडित म्हणून अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाला बोलावला गेला. १९१८ च्या फेरीत त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर नेले. मुलाचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबें गावचा. पण त्याचे शिक्षण झाले बहुतांशी अमेरिकेत, आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी त्याने वरच्या मानाने मिळवली. तिथले नामवंत गणिती बर्कहॉफ यांनी त्याला एका गणितावरच चित्त ठेवण्याचा सल्ला दिला होता, आणि याने तो न मानता भाषांपासून विज्ञानापर्यंत मिळतील ते विषय घेतले, असे सांगतात. सल्ला शहाणपणाचा होता. तो न मानण्याची किंमत पुढे मोजावी लागली, आणि ती केवळ एकदाच नव्हे.

हिंदुस्थानात परतल्यावर कोसंबी प्रथम काशी हिंदू विश्वविद्यालयात, मग अलीगढला आणि १९३३ पासून फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. अलीगढला त्यांना नेले आंद्रे वेय या तरुण फ्रेंच गणित्याने. या दोघांनी मिळून केलेली एक थट्टा सांगण्याजोगी आहे. वेयच्या सुचवण्यावरून कोसंबींनी ‘बूर्बाकी’ नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या विद्वानाच्या सिद्धान्ताचा गंभीर चेहऱ्याने हवाला देणारा एक निबंध १९३१ च्या सुमारास छापला. पुढे वेय आणि त्याच्या मित्रांनी ‘बूर्बाकी’ याच टोपणनावाने गणिताची ग्रंथमालाच लिहिली आणि ते नाव जगभर झाले. गणिताच्या छापील वाङ्मयात त्याचा पहिला उच्चार मात्र आपल्या कोसंबींच्या निबंधातला! थट्टेखेरीज त्यांचे खरे कामही तितकेच चोख होते. वक्रमार्गांच्या भूमितीवरचा त्यांचा निबंध १९३३ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला, तेव्हा एली कार्तान यांच्यासारख्या श्रेष्ठ गणित्याने त्यावर टिपण लिहिले, आणि त्या विषयाच्या एका शाखेला आज या दोघांची नावे जोडलेली आहेत.

इथे कुणी म्हणेल, आता या माणसाने काय शिकायचे राहिले होते? आपल्याकडे प्राध्यापकाला एकदा जागा मिळाली की त्याच्या टिपणांच्या वह्या पिवळ्या पडू लागतात, आणि त्या जितक्या पिवळ्या तितका माणूस अनुभवी ठरतो. कोसंबींना पस्तिशीच्या आत संख्याशास्त्र शिकावेसे वाटले. शिकवणारा जवळपास कुणी नव्हता. त्यांचा समज असा की हे शास्त्र पुस्तकावरून येत नाही. त्याला जगातले खरेखुरे आकडे लागतात, आणि ते आपले आपण गोळा करावे लागतात. हाताशी आकडे होते ते परीक्षेच्या गुणांचे. तेव्हा त्यांनी प्रथम तेच पिंजून काढले. आपल्या परीक्षा नक्की काय मोजतात याबद्दल त्यांचे मत त्यामुळे काही चांगले झाले नाही, एवढे सांगून पुढे जातो. त्यानंतरचे आकडे नाण्यांचे.

आपल्या देशातली सर्वांत जुनी नाणी म्हणजे चांदीची आहत नाणी, संस्कृतातले कार्षापण. इसवी सनापूर्वी पाचसहाशे वर्षांपासून ती चालत होती. चांदीचा पत्रा कापायचा, कोपरे छाटून वजन जमवायचे आणि वर एकेक ठसा ठोकायचा, अशी ती रीत. सूर्य, चक्र, डोंगर, हत्ती, झाड. एका बाजूला असे पाच ठसे सापडतात. राजाचे नाव नाही, साल नाही, एक अक्षरदेखील नाही. हंडाभर नाणी सापडली तरी त्यांतले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे सांगायचे कसे? जुन्या पंडितांनी ठशांचे अर्थ लावून पाहिले. एकाला जो स्तूप वाटे तो दुसऱ्याला मेरुपर्वत वाटे, आणि वाद तिथेच राही.

कोसंबींनी ठशाच्या अर्थाचा नाद बाजूला ठेवला आणि तराजू हाती घेतला. त्यांचा विचार असा. एखादे नाणे चलनात किती झिजेल हा नशिबाचा भाग आहे. एक नाणे रोज हात बदलते, दुसरे गाडग्यात पुरले जाते. पण एकाच वेळी पाडलेली शेकडो नाणी घेतली तर त्यांची सरासरी नशिबावर नसते. ती काळाबरोबर हळूहळू, ठराविक चालीने उतरते. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. टाकसाळीतून निघताना सगळी जवळजवळ एका वजनाची असलेली ही भावंडे वय वाढेल तशी एकमेकांपासून फाकत जातात, कुणी फार झिजलेले, कुणी थोडे. सरासरीची उतरण आणि वजनांचा हा पसारा मिळून नाण्यांच्या वयाचा पुरावा झाला.

पण हे खरे कशावरून? दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजाराला विचारायची सोय नव्हती. म्हणून कोसंबींनी आपल्याच काळच्या बाजाराला विचारले. चालू चलनातली नाणी जमवून, त्यांवरच्या सालाप्रमाणे ढीग लावून, एकेक करून त्यांनी ती नाजूक तराजूत तोलली. एकदोन दिवस नव्हे, शेकडो तास, हजारो नाणी. काम कंटाळवाणे खरेच. त्यात बुद्धीला चमकायला कुठे जागा नाही. हार्वर्डचा पदवीधर, कार्तानने दखल घेतलेला गणिती, चिमट्याने नाणे उचलतो, पारड्यात ठेवतो, आकडा लिहितो आणि पुढचे उचलतो. सालाचा आणि वजनाचा संबंध जुळला. आधुनिक नाण्यांनी साक्ष दिल्यावर ते तक्षशिलेच्या नाण्यांकडे वळले. आहत नाण्यांच्या पाठीवर बारीक बारीक खुणा असतात. सराफांनी वेळोवेळी नाणे पारखून उमटवलेल्या त्या खुणा असाव्यात, असा कोसंबींचा तर्क होता. तसे असेल तर जास्त खुणांचे नाणे जास्त वापरलेले, म्हणजे हलके असले पाहिजे. तोलून पाहता खुणा वाढतील तसे सरासरी वजन उतरत गेलेले दिसले. दोन हजार वर्षांपूर्वीचे सराफ आपल्या नकळत हिशेब लिहून ठेवून गेले होते!

त्यांनी लावलेला राजांचा क्रम सगळ्या नाणकशास्त्रज्ञांनी मान्य केला असे नाही. आजही त्यावर मतभेद आहेत. पण नाण्याकडे चित्र म्हणून पाहण्याऐवजी समाजाच्या व्यवहाराची नोंद म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांनी दिली, आणि ती टिकली.

आता नवी अडचण उभी राहिली. नाण्यांचा क्रम लागला, पण ती पाडणारे राजे कोण? त्यासाठी पुराणे, बौद्ध ग्रंथ, अर्थशास्त्र चाळावे लागणार, आणि त्यासाठी संस्कृत पाली पक्के हवे. घरात धर्मानंदांसारखा पंडित. तरी मुलाचे संस्कृत तोवर जुजबीच होते. भाषेतज्ज्ञाला गाठून उतारे भाषांतरित करून घेणे सोपे होते. कोसंबी स्वतः शिकायला बसले. सरावासाठी त्यांनी घेतला भर्तृहरी. वामन पंडितांच्या मराठी श्लोकांमुळे भर्तृहरी आपल्या घरोघरी पोहोचलेला. नीती, शृंगार आणि वैराग्य अशी तीन शतके, म्हणजे तीनशे श्लोकांचा आटोपशीर मामला. पण दोन छापील प्रती समोर ठेवल्या तर श्लोक जुळेनात. एकीत आहे ते दुसरीत नाही. मग खरा भर्तृहरी कोणता?

दुसरा कुणी असता तर सरावाचे पुस्तक बदलून मोकळा झाला असता. कोसंबी पोथ्यांच्या मागे लागले. पुण्यात त्यासाठी वातावरणही होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुखठणकर महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करत होते, आणि मौज अशी की सुखठणकर स्वतः केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला संस्कृताकडे वळलेले. पाठभेदांची छाननी कशी करावी याचा आदर्श कोसंबींच्या डोळ्यांपुढे त्यांनीच ठेवला. मला तर वाटते की पोथ्यांचे काम नाण्यांच्या कामाहून निराळे नव्हतेच. पोथीही हातोहात फिरते, प्रत्येक लेखनिक तिच्यात थोडे झिजवतो, थोडी भर घालतो. पुष्कळ प्रती एकत्र तोलल्या तरच मूळ वजनाचा अंदाज येतो. तीनशेंहून अधिक हस्तलिखिते पाहून कोसंबींनी १९४८ मध्ये भर्तृहरीची जी आवृत्ती सिंघी जैन ग्रंथमालेत दिली, तिच्यात त्याच्या नावावरचे साडेआठशेंच्या वर श्लोक आहेत. त्यांतले जवळजवळ सर्व परंपरांना मान्य असलेले निघाले अवघे दोनशे. वैराग्याच्या या ग्रंथाची अर्पणपत्रिका मार्क्स, एंगेल्स आणि लेनिन यांना, तीही संस्कृतात! जुन्या शास्त्रीमंडळींना हा आंबटगोड घास कसा गेला असेल याची कल्पनाच करावी. पण आवृत्तीच्या कसाबद्दल कुणाला शंका घेता आली नाही. पुढे १९५७ मध्ये विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ त्यांनी वा. वि. गोखले यांच्यासह हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेसाठी संपादिला. ज्या मालेसाठी वडिलांनी पाली ग्रंथावर वर्षानुवर्षे डोळे शिणवले, त्याच मालेत मुलाचे संस्कृत उभे राहिले.

तोवर कोसंबी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले होते. डॉ. होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या अगदी आरंभीच्या मंडळींपैकी ते एक. राहायचे मात्र पुण्यात. सकाळी डेक्कन क्वीनने मुंबई, संध्याकाळी त्याच गाडीने परत. हा परिपाठ त्यांनी वर्षानुवर्षे चालवला, आणि जाण्यायेण्याचे सहाएक तास म्हणजे त्यांचे फिरते वाचनालय झाले. घाटाच्या अलीकडे मळवलीपाशी गाडी कार्ल्याच्या आणि भाज्याच्या डोंगरांमधून जाते. कोसंबी हे डोंगर खिडकीतून पाहून थांबले नाहीत. सुट्टीच्या दिवशी ते पायी तुडवू लागले.

हे त्यांचे तिसरे की चौथे विद्यार्थिपण. पोथ्यांतून राजे कळतात, पण त्या राजांना पोसणारी माणसे कळत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. ती माणसे कुठे भेटतील? कोसंबींचे उत्तर विलक्षण होते: घराबाहेर पडा आणि पाहा. पुण्यात त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर फासेपारध्यांची पाले पडत. त्यांच्याशी ते बोलत बसत. धनगरांचे कळप कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेने जातात, शेंदूर फासलेली म्हसोबा आणि बोल्हाई यांची ठाणी गावाबाहेर नेमकी कुठे आहेत, याची ते नोंद ठेवत. त्या ठाण्यांभोवतीच्या मातीत त्यांना गारेची नखाएवढी पाती सापडू लागली. ही अश्मयुगीन माणसाची हत्यारे. ती सापडत होती मेंढरांच्या जुन्या वाटांवर, आणि त्याच वाटांवर देवींची ठाणी होती. कोसंबींनी त्यावरून असे मांडले की पंढरपूरच्या वारीची वाटसुद्धा शेती सुरू होण्याआधीच्या, पाऊसपाण्यामागे फिरणाऱ्या माणसांच्या वाटेवर पडलेली आहे. ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढते ती वाट ज्ञानोबांहूनही फार जुनी! हा तर्क सर्वांना पटेल असे नाही. पण वारीला गेलेल्या माणसाला तो एकदा ऐकल्यावर विसरता येत नाही, हे खरे. ‘ॲन इन्ट्रोडक्शन टु द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ (१९५६) आणि ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) या ग्रंथांना जे वजन आहे, ते या पायपिटीचे आहे.

इथवरची कथा ऐकताना सगळे गोडच वाटते. पण या शिकण्याला दुसरी बाजूही होती. गणिताच्या संस्थेत बसून हा माणूस दगड काय गोळा करतो, ही कुजबुज होणारच होती. कोसंबींचा स्वभावही ती शमवणारा नव्हता; जीभ तिखट, आणि समोरचा मोठा असेल तर अधिकच तिखट. आणि नेमके त्याच काळात त्यांनी गणितातल्या सर्वांत अवघड कड्याला हात घातला. २, ३, ५, ७, ११ अशा मूळ संख्या कोणत्या नियमाने विखुरल्या आहेत, याबद्दल रीमान या जर्मन गणित्याने १८५९ मध्ये एक विधान केले होते. त्याची सिद्धता भल्याभल्यांना सापडली नव्हती. संभाव्यतेच्या मार्गाने ती आपल्याला सापडली, असे कोसंबींनी १९५९ मध्ये जाहीर केले, तेही कृषी-संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात. जाणत्या गणित्यांनी ती मानली नाही. रीमानचे ते विधान आजही सिद्ध झालेले नाही. २००० साली एका अमेरिकन संस्थेने त्यासाठी दहा लक्ष डॉलरांचे बक्षीस लावले, ते तसेच पडून आहे.

चूक कुणाच्या हातून होत नाही? रीमानच्या विधानापाशी फसलेल्यांची यादी मोठी आहे. मला खटकते ते निराळेच. फासेपारध्यापुढे, धनगरापुढे, पोथीच्या अनाम लेखनिकापुढे जो माणूस विद्यार्थी होऊन बसला, त्याला स्वतःच्या विषयातल्या, शेजारच्या खोलीतल्या माणसांपुढे तसे बसता आले नाही. नाणे पारड्यात घातले की खोटे बोलत नाही. चुकलेला तर्क तिथल्या तिथे उघडा पडतो. मूळ संख्यांना पारडे नाही. तिथे दुसऱ्या गणित्याची नजर हेच पारडे, आणि कोसंबींना तेच मान्य होईना. आपला मार्ग योग्य आहे, तो लोकांना समजत नाही, ही त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत ढळली नाही. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालवला नाही. कारणे अनेक सांगतात. या देशाने अणूपेक्षा सूर्याच्या उष्णतेवर पैसा खर्च करावा, असे ते जाहीरपणे बोलत, आणि अणुशक्तीच्या त्या भरभराटीच्या दिवसांत हे बोलणे कुणाला रुचणार? पण मूळ संख्यांच्या प्रकरणाने त्यांची बाजू लंगडी झाली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पंचावन्नाव्या वर्षी अशा रीतीने मोकळा झालेला माणूस कडवटून जाण्याचा संभव होता. कडवटपणा आलाही असेल. काम मात्र थांबले नाही. १९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत सन्माननीय शास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. १९६६ च्या फेब्रुवारीत ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, तो नाणी तोलण्यावरचाच. पंचवीस वर्षांनीही तराजू सुटला नव्हता. त्याच वर्षी २९ जूनला, पुण्यात राहत्या घरी, रात्री झोपेतच त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावन्न.

एक गोष्ट सांगायची राहिली. नाणी आणि पोथ्या यांच्या धांदलीतच, १९४४ मध्ये, कोसंबींनी आनुवंशिकतेवर एक लहानसा निबंध लंडनच्या एका नियतकालिकात छापला होता. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत ते थेट मोजता येत नाही; संततीत ती किती वेळा विलग झाली ते मोजून अंतराचा अंदाज बांधावा लागतो. हाल्डेन यांनी त्यासाठी १९१९ मध्ये एक सूत्र दिले होते. त्यात गुणसूत्राची प्रत्येक तूट दुसरीपासून स्वतंत्र धरलेली होती. प्रत्यक्षात एका जागी तुटले की लगतच्या जागी तुटण्याची शक्यता कमी होते. ही अडवणूक हिशेबात धरणारे सुटसुटीत सूत्र कोसंबींनी दिले. या विषयात त्यांनी पुढे फारसे काही लिहिले नाही. जणू वाटेत पाणी प्यायला थांबले आणि निघाले.

आज कृषी विद्यापीठांतून भाताच्या, गव्हाच्या, ज्वारीच्या नव्या वाणांवर काम करणारी मुले गुणसूत्रांचे नकाशे काढायला बसतात, तेव्हा संगणक त्यांना अंतर मोजण्याची रीत विचारतो. पडद्यावर दोन नावे येतात, हाल्डेन आणि कोसंबी. पुष्कळ जण दुसऱ्या नावावर बोट ठेवतात आणि पुढे जातात.